पॅट्रिआर्कच्या बिरुदावर सरकारचा शिक्का कशाला?

२०२५च्या नोव्हेंबरअखेर पोप लिओ चौदावे तुर्कस्तानात गेले. नायसियाच्या पहिल्या धर्मपरिषदेला सतराशे वर्षे झाली, हे निमित्त. इझनिकच्या (जुन्या नायसियाच्या) तळ्याकाठी त्यांच्या शेजारी उभे होते बार्थोलोम्यू, इस्तंबूलचे म्हणजे जुन्या कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क (सर्वोच्च दर्जाचे बिशप), आणि त्यांना काय म्हणायचे यावरून जुनाच गोंधळ पुन्हा सुरू झाला. कुणी त्यांना ‘ऑर्थोडॉक्सांचे पोप’ केले, कुणी कोट्यवधी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे ‘सर्वोच्च धर्मगुरू’. तुर्की राष्ट्रवाद्यांचे पालुपद ठरलेले : हे इस्तंबूलच्या फनार भागातल्या मूठभर ग्रीकांचे पाद्री, यांना जगाचा आव कशाला? मॉस्कोच्या, म्हणजे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या, बाजूने बोलणाऱ्यांचा सूर थोडा निराळा : मान पहिला असेल, अधिकार शून्य. या सगळ्या गलबल्यात त्यांचे स्वतःचे बिरुद मात्र कुणी नीट वाचत नाही. ‘कॉन्स्टँटिनोपल, अर्थात नव्या रोमचे आर्चबिशप आणि इक्युमेनिकल पॅट्रिआर्क.’ भांडण आहे ते यातल्या ‘इक्युमेनिकल’ या एका विशेषणावर.

मला विचाराल तर हे सगळेच पक्ष चुकीच्या प्रश्नावर हमरीतुमरीला आले आहेत. या बिरुदात जगावर हुकमत गाजवण्याचा दावा नाही, त्यामुळे ते ऐकून बिथरण्याचे कारण नाही. पण ते नुसते शोभेचेही नाही. ऑर्थोडॉक्स चर्चेसना एकत्र बोलावणे, त्यांच्यातल्या वादांत शेवटचा दरवाजा म्हणून उपलब्ध असणे, हे काम त्यात आहे. आणि आपल्या धर्मप्रमुखाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे ठरवणे त्या चर्चचे काम आहे. ते सरकारचे नाही, सर्वोच्च न्यायालयाचे तर मुळीच नाही.

‘इक्युमेने’ म्हणजे वसलेले जग. रोमन माणसाच्या तोंडी त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की आपले साम्राज्य. कॉन्स्टँटाइनने ३३० साली बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी वसवली आणि तिथल्या बिशपचे वजन राजधानीबरोबर वाढत गेले. ३८१च्या परिषदेने त्याला रोमच्या बिशपच्या खालोखाल मान दिला आणि त्याचे कारणही आडपडदा न ठेवता लिहून टाकले : हे शहर नवे रोम आहे म्हणून. ४५१मध्ये कॅल्सिडनच्या परिषदेने अठ्ठाविसाव्या नियमात जुन्या रोमच्या बरोबरीचे विशेषाधिकार दिले, ते रोमने मान्य केले नाहीत. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या काळापर्यंत रोम, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, अँटिओक आणि जेरुसलेम या पाच पीठांची उतरंड पक्की झाली होती. ‘इक्युमेनिकल’ हे विशेषण याच दरबारी वातावरणातले. साम्राज्याच्या राजधानीचा तो इक्युमेनिकल, इतका साधा हिशेब.

विरोधकांचा हुकमाचा एक्का म्हणजे पोप ग्रेगरी पहिला. कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क चौथा जॉन (कडक उपवासांमुळे लोक त्याला ‘उपवासी जॉन’ म्हणत) हे बिरुद लावू लागला, तेव्हा ग्रेगरीने ५९५मध्ये रान उठवले. स्वतःला सार्वत्रिक बिशप म्हणवणारा ख्रिस्तविरोधकाचा अग्रदूत आहे, इथपर्यंत मजल गेली. बादशहा मॉरिसला हा सगळा प्रकार फुकाचा वाटला आणि त्याने तसे कळवलेही. ग्रेगरीचा मुद्दा मी हलका मानत नाही. एक बिशप ‘सार्वत्रिक’ झाला तर बाकीचे बिशप उरतात कुठे, हा त्याचा प्रश्न अस्सल होता, आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला होता. अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क युलोगियस याने पुढे एका पत्रात खुद्द ग्रेगरीलाच ‘सार्वत्रिक पोप’ म्हटले, तर त्याने तेही परतवून लावले : माझ्या भावांचा मान तोच माझा मान, त्यांच्याकडून काढून मला काही देऊ नका. असा माणूस विरळाच. पण त्याने खोडून काढलेला दावा कॉन्स्टँटिनोपलने कधी केला होता का? त्याने लॅटिन कानांनी ऐकले ते ‘एकमेव’, आणि तिकडे म्हणत होते ते ‘राजधानीचा’. जॉननंतरच्या चौदा शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या एकाही पॅट्रिआर्कने अलेक्झांड्रियाच्या किंवा अँटिओकच्या बिशपपदावर आपला हक्क आहे असा सिद्धांत मांडला नाही. ज्या सार्वत्रिक अधिकाराला ग्रेगरी घाबरत होता, तो सिद्धांत म्हणून जाहीर झाला १८७०मध्ये, पहिल्या व्हॅटिकन परिषदेत. म्हणजे ग्रेगरीच्याच गादीच्या नावाने. तेव्हा ग्रेगरीची पत्रे फनारवर, म्हणजे तिथल्या पॅट्रिआर्केटवर, फेकण्याआधी रोमप्रेमींनी जरा दम धरलेला बरा.

बिरुदे शब्दशः घ्यायची असतील तर मग सगळ्यांचीच घेऊ. अलेक्झांड्रियाच्या ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कच्या लांबलचक बिरुदावलीच्या शेवटी ‘इक्युमेनेचा न्यायाधीश’ अशी उपाधी आहे. साऱ्या वसलेल्या जगाचा न्यायनिवाडा करणारा! त्यावर कुठल्या परराष्ट्र खात्याने निषेधाचे पत्रक काढल्याचे कुणी ऐकले आहे? गोव्याचे आर्चबिशप १८८६पासून ‘ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क’ आहेत, पण त्यांचा अधिकार चालतो तो स्वतःच्या धर्मप्रांतापुरता. रोमच्या बिशपने ‘पश्चिमेचा पॅट्रिआर्क’ हे बिरुद २००६मध्ये आपल्या वार्षिक ग्रंथातून वगळले आणि २०२४मध्ये ते गुपचूप परत आले. दोन्ही वेळा चर्चा झाली ती धर्मशास्त्र्यांत. बिरुदे अशीच असतात. जुन्या साम्राज्यांचा, जुन्या सागरी सत्तांचा थर त्यांच्यावर साचलेला असतो आणि अर्थ मिळतो तो वापरातून. उलट ज्या बिरुदाकडे खरोखर डोळे बारीक करून बघायला हवे ते आहे ‘मॉस्को आणि अखिल रूसचे पॅट्रिआर्क’. यातल्या ‘अखिल रूस’मध्ये युक्रेन येते, बेलारूस येते, आणि हा अर्थ इतिहासाच्या पेटीत बंद नाही. पॅट्रिआर्क किरील तो आजच्या राजकारणात वापरतात. ‘जग’ म्हणणारा काहीच मागत नाही आणि ‘अखिल रूस’ म्हणणारा शेजारचा देश मागतो, असे असताना गवगवा पहिल्याचाच का?

आता मॉस्कोचा सर्वांत वजनदार आक्षेप. ऑर्थोडॉक्स परंपरेत पोप नाही. प्रत्येक स्वायत्त चर्च आपले बिशप आपण निवडते. पहिला मान म्हणजे बसण्याची पहिली जागा आणि प्रार्थनेत पहिले नाव. हे सारे खरे आहे. शिवाय फनारची माणसेही अधूनमधून आपल्या बाजूचे नुकसान करतात. मॉस्कोने २०१३च्या अखेरीस प्रथमत्वाबद्दल आपली भूमिका मांडली, तेव्हा बुर्साचे तत्कालीन मेट्रोपॉलिटन (वरिष्ठ बिशप) एल्पिडोफोरोस यांनी २०१४मध्ये उत्तर दिले, ते असे की कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क ‘समानांमध्ये पहिला’ नाही, तो ‘ज्याला समान नाही असा पहिला’ आहे. माझ्या मते ही विचाराची घसरगुंडी होती. शतकानुशतके जो दावा कुणी केला नाही म्हणून आपण ग्रेगरीला उत्तर देतो, तोच दावा अर्ध्या ओळीत करून टाकायचा, याला काय म्हणावे?

पण दावा कागदावर काहीही असो, प्रत्यक्षात या पदाकडे किती सत्ता आहे ते २०१६मध्ये क्रीट बेटावर सगळ्यांना दिसले. सर्व ऑर्थोडॉक्स चर्चेसची महापरिषद भरवायची, ही तयारी १९६१च्या ऱ्होड्स बैठकीपासून चालू होती. पंचावन्न वर्षे! बार्थोलोम्यू यांनी ती अखेर बोलावली आणि ऐन वेळी बल्गेरिया, अँटिओक, जॉर्जिया आणि रशिया या चार चर्चेसनी पाठ फिरवली. चौदांपैकी दहाच आली. पोप असता तर त्याने हुकूम काढला असता. बार्थोलोम्यू यांच्या हाती विनवण्या करण्यापलीकडे काही नव्हते. ते रुमानियात बिशप नेमू शकत नाहीत, सर्बियातला धर्मगुरू बदलू शकत नाहीत, एकट्याच्या सहीने श्रद्धेचे एक अक्षर हलवू शकत नाहीत. मात्र ती परिषद बोलावण्याचा मान दुसऱ्या कुणाकडे आहे, असे न आलेल्यांपैकीही कुणी म्हटले नाही, हेही तितकेच लक्षात ठेवायला हवे. बिरुदाचा अर्थ शोधायचा असेल तर तो इथे आहे : बोलावता येते, भाग पाडता येत नाही.

मग युक्रेनचे काय? २०१८च्या ऑक्टोबरमध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सिनडने (बिशपांच्या मंडळाने) कीव्हचे पीठ मॉस्कोकडे सोपवणारे १६८६चे पत्र मागे घेतले आणि २०१९च्या जानेवारीत युक्रेनच्या चर्चला स्वायत्ततेचा तोमोस, म्हणजे सनद, दिली. मॉस्कोने सर्व धार्मिक संबंध तोडले. हा निर्णय घाईचा होता, बाकीच्या चर्चेसना आधी विश्वासात घेतले नाही, आणि आजही अलेक्झांड्रिया, ग्रीस आणि सायप्रस वगळता बहुतेकांनी त्याला मान्यता दिलेली नाही. हे सगळे मी मान्य करतो. पण ‘पहिल्याला असा अधिकारच नाही’ हे म्हणणे मॉस्कोच्या तोंडी शोभत नाही. मॉस्कोला पॅट्रिआर्कपद कुणी दिले? १५८८मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा दुसरा जेरेमियास दान मागायला मॉस्कोला गेला होता. त्याला महिनोन् महिने तिथे अडकवून ठेवले, १५८९मध्ये त्याच्याच हातून जॉबला पॅट्रिआर्क करवून घेतले, आणि मग पूर्वेच्या परिषदांनी त्यावर मोहोर उमटवली. एकोणिसाव्या शतकात ग्रीस, सर्बिया, रुमानिया या चर्चेसनी स्वायत्ततेचे कागद घेतले तेही फनारकडूनच. कॅल्सिडनच्या नवव्या आणि सतराव्या नियमांत कॉन्स्टँटिनोपलच्या गादीकडे दाद मागण्याची तरतूद आहे. ती किती रुंद वाचायची यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण आपली सनद खरी आणि त्याच दप्तरातून निघालेली दुसऱ्याची सनद बनावट, हा कुठला न्याय? आणि नियमांची एवढी चाड असलेल्या मॉस्कोने २०२१च्या डिसेंबरमध्ये काय केले? अलेक्झांड्रियाने युक्रेनला मान्यता दिली म्हणून थेट आफ्रिकेत, अलेक्झांड्रियाच्या हद्दीत, स्वतःची शाखा उघडली.

तुर्कस्तानची बाजू वेगळी आहे आणि तिच्या मुळाशी असलेली भीती पोकळ म्हणता येणार नाही. उस्मानी राजवटीत पॅट्रिआर्क हा केवळ धर्मगुरू नव्हता. १४५३मध्ये शहर जिंकल्यावर दुसऱ्या मेहमदने काही महिन्यांत, १४५४च्या जानेवारीत, गेन्नाडियसला गादीवर बसवले. पुढे पॅट्रिआर्क साऱ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचा सुलतानापुढचा जबाबदार माणूस झाला. जबाबदारीची किंमतही तशीच : १८२१मध्ये ग्रीक उठाव झाला तेव्हा वृद्ध पाचव्या ग्रेगरीला ईस्टरच्या दिवशी पॅट्रिआर्केटच्याच दारात फाशी दिली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र पॅट्रिआर्केटने उघडपणे ग्रीसची बाजू घेतली, त्याच वेळी ग्रीक फौज अनातोलियात घुसलेली होती. नव्या प्रजासत्ताकाला ही संस्था घरातला फितूर वाटली तर नवल नाही. युद्धानंतरच्या लोझानच्या शांतता-वाटाघाटींत तुर्कांना ती देशाबाहेरच हवी होती. शेवटी केवळ धार्मिक कामापुरते राहण्याच्या तोंडी हमीवर ती राहिली. १९२३च्या तहात पॅट्रिआर्केटचा उल्लेखही नाही. ‘इक्युमेनिकल’ हा शब्द अंकाराला टोचतो तो या आठवणीमुळे. त्यांना त्यात बायझंटाइन राज्य परत येण्याची चाहूल ऐकू येते.

पण या घटनेला शंभर वर्षे झाली. बार्थोलोम्यू १९४०मध्ये तुर्कस्तानातल्याच इम्ब्रोस बेटावर जन्मले, तुर्की सैन्यात त्यांनी सक्तीची सेवा केली, आयुष्यभर त्याच देशाचा पासपोर्ट वापरला. १९९१पासून ते या पदावर आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी देशाच्या अखंडतेविरुद्ध काय केले? तरीही २००७मध्ये तुर्कस्तानच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने जाहीर केले, की हे केवळ स्थानिक ग्रीक अल्पसंख्याकांचे धर्मप्रमुख आहेत आणि ‘इक्युमेनिकल’ असल्याच्या दाव्याला कायद्यात आधार नाही. मूठभर लोकांच्या पाद्र्याला जगाचे बिरुद कशाला, हा युक्तिवाद राष्ट्रवादी लेखक आजही याच निकालाच्या बळावर करतात.

मला या साऱ्या वादात सर्वांत चीड आणणारा युक्तिवाद हाच. इस्तंबूलचे ग्रीक मूठभर झाले कसे? लोझानला ठरलेल्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीतून त्यांना वगळले होते, तेव्हा ते लाखाच्या घरात होते. १९४२मध्ये ‘वार्लिक’ नावाचा संपत्तिकर आला. मुस्लिमेतरांना तो कित्येक पटींनी जास्त लावला आणि ज्यांना भरता आला नाही त्यांना पूर्वेला आश्कालेच्या श्रमछावणीत धाडले. १९५५च्या ६ आणि ७ सप्टेंबरला, अतातुर्कचे सालोनिकातले जन्मघर ग्रीकांनी उडवल्याच्या खोट्या बातमीवर जमाव रस्त्यावर उतरला. दुकाने, घरे, डझनावारी चर्चे, कबरीसुद्धा फुटल्या. १९६४मध्ये सायप्रसचा वाद पेटला तेव्हा ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना काही किलो सामानानिशी देशाबाहेर काढले, त्यांच्यामागोमाग त्यांची तुर्की नागरिक असलेली कुटुंबेही गेली. आज उरले आहेत काही हजार. माणसे आधी हाकलायची आणि मग डोकी मोजून म्हणायचे, एवढ्यांना एवढे मोठे बिरुद कशाला? असल्या शिरगणतीला न्यायालयाच्या निकालात जागा मिळावी, ही शरमेची गोष्ट आहे. आणि मुळात पीठाचा मान आजूबाजूच्या वस्तीवर कधी ठरला? जेरुसलेमच्या पॅट्रिआर्कचे अनुयायीही थोडेच आहेत, पण म्हणून तो पाचातला एक नाही, असे कुणी म्हणत नाही.

बिरुद कुणाला मिळावे हे सरकार ठरवू लागले की काय होते, याचे उत्तर खुद्द रशियात आहे. १७००मध्ये पॅट्रिआर्क एड्रियन वारला तेव्हा पीटर द ग्रेटने जागा भरलीच नाही. १७२१मध्ये पॅट्रिआर्कऐवजी ‘पवित्र सिनड’ आणली आणि तिच्यावर देखरेखीला सरकारी अधिकारी बसवला. जवळजवळ दोनशे वर्षे त्या चर्चला डोके नव्हते. १९१७च्या क्रांतीच्या धामधुमीत पद परत आले, तिखोन निवडले गेले, आणि १९२५मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर बोल्शेविकांनी पुढची निवडणूक होऊ दिली नाही. मग १९४३च्या सप्टेंबरमध्ये एका रात्री स्टालिनने तीन मेट्रोपॉलिटनना क्रेमलिनमध्ये बोलावले आणि चार दिवसांत पॅट्रिआर्क निवडला गेला! युद्धाला चर्च हवे होते, म्हणून बिरुद हवे झाले. सत्तेला नको तेव्हा नको, हवे तेव्हा हवे. हा इतिहास पाठीशी असताना मॉस्कोच्या बाजूने बोलणाऱ्यांनी अंकाराच्या निकालावर समाधान मानावे, ही गंमत मला कधीच कळलेली नाही.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तुर्की कायदेतज्ज्ञ नेमके तिथे बोट ठेवतात. सरकारने हे बिरुद आपल्या कागदांवर लिहिलेच पाहिजे, अशी सक्ती कुणी करू शकत नाही. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने २०१०मध्ये हाच फरक केला होता : सरकारला वापराची सक्ती नाही, पण पॅट्रिआर्केटला वापरण्यापासून रोखणे म्हणजे धर्मस्वातंत्र्याचा भंग. आणि हे ऐतिहासिक, सर्वमान्य नाव अधिकाऱ्यांनी टाळण्यामागे कुठले तथ्य किंवा कायदा आपल्याला दिसत नाही, असेही आयोगाने त्याला जोडले. मला हा तोल योग्य वाटतो. अंकाराने बार्थोलोम्यू यांना ‘फनारचे रूम (म्हणजे तिथल्या ग्रीकांचे) पॅट्रिआर्क’ म्हणावे. त्यांचे लोक त्यांना काय म्हणतात यावर मात्र निकालपत्रे लिहू नयेत.

शिवाय हा ‘स्थानिक पाद्री’चा सिद्धांत सरकारी वागण्याशीच जुळत नाही. पॅट्रिआर्क तुर्की नागरिकच असला पाहिजे, अशी अट आहे. हाल्की बेटावरचे धर्मशिक्षणाचे विद्यालय, जिथे बार्थोलोम्यू स्वतः शिकले, ते १९७१पासून बंद आहे. म्हणजे उमेदवार देशातलाच हवा आणि देशात तो घडवायचा नाही. पॅट्रिआर्केटला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्वही नाही. १९७२मध्ये तेव्हाचे पॅट्रिआर्क अथेनागोरस वारले तेव्हा उमेदवारांची यादी नियमाप्रमाणे इस्तंबूलच्या गव्हर्नरकडे गेली आणि सर्वांत वजनदार उमेदवार, कॅल्सिडनचे मेट्रोपॉलिटन मेलिटोन, यांचे नाव त्यावरून खोडले गेले. निवड झाली डिमिट्रिओस यांची. बार्थोलोम्यू यांनी आता वयाची पंच्याऐंशी ओलांडली आहे, त्यामुळे तशी यादी पुन्हा तयार होण्याचा दिवस फार लांब नाही. काही हजार म्हाताऱ्या ग्रीकांच्या पाद्र्यासाठी गव्हर्नरच्या टेबलावर यादी कशाला लागते, तिच्यावरचे नाव खोडावेसे का वाटते, याचे उत्तर २००७चा निकाल देत नाही.